आरोपीला काही सांगायचे आहे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या वाङ्मय मंडळाने सभागृहात ‘आक्रोश’ हा चित्रपट दाखविला. पडद्यावर एका आदिवासी माणसावर बायकोच्या खुनाचा खटला चालू होता आणि तो माणूस एक शब्दही बोलत नव्हता. न्यायाधीशांपुढे तर नाहीच, पण स्वतःच्या वकिलापुढेही नाही. माझ्या मागच्या रांगेतला एकजण कंटाळून म्हणाला, “हा तोंडच उघडत नाही, मग वकील बिचारा काय करणार?” आजूबाजूचे हसले. खरे सांगायचे तर मलाही हसू आले. परंतु घरी जाताना एस.टी.मध्ये तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. ज्याच्या जिवावर बेतले आहे, असा माणूस स्वतःच्या बचावासाठी तोंड का उघडत नाही?

गुन्हा, तुरुंग आणि न्यायालय या विषयावर आपल्याकडे शेकडो चित्रपट निघाले आहेत. त्या सर्वांचा आढावा घेण्याइतका माझा अभ्यास नाही आणि येथे तेवढी जागाही नाही. म्हणून मी मोजकेच चित्रपट निवडले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारून पाहिला : येथे न्यायालयात बोलतो कोण, आणि त्याचे बोलणे पोचते कोठवर?

बोलके न्यायालय

आपल्या लोकप्रिय चित्रपटांतील न्यायालय मोठे बोलके असते. राज कपूर यांचा ‘आवारा’ (१९५१) घ्या. आरोपीच्या पिंजऱ्यात राज उभा आहे. ज्यांच्यावर त्याने हल्ला केला ते न्यायाधीश रघुनाथ हे त्याचेच वडील आहेत आणि त्याचा बचाव करणारी वकील रीटा ही त्याची प्रेयसी आहे. राज स्वतःसाठी दया मागत नाही. गलिच्छ वस्तीत वाढणाऱ्या मुलांचे पुढे काय होते, याचा विचार करा असे तो न्यायालयाला सांगतो. त्याला शिक्षा होते, पण त्याचे म्हणणे सर्वांनी ऐकलेले असते. प्रेक्षक डोळे पुसतात. न्याय झाला असे त्यांना वाटते, कारण मनातले सगळे बोलून झालेले असते.

बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’ (१९६०) मध्ये एकही गाणे नाही. त्या काळी ही धाडसाचीच गोष्ट होती. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेलेही चुकीचे असू शकते, मग साक्षीपुराव्याच्या भरवशावर एखाद्याला फाशी द्यावी काय, हा त्यातील प्रश्न. नाना पळशीकर यांनी त्यात कालिया नावाच्या भुरट्या चोराचे काम केले आहे. न केलेल्या खुनाचा आळ त्याच्यावर येतो. या गरीब माणसाला वाचवायला एक हुशार, सुशिक्षित वकील पुढे येतो आणि वादविवाद रंगतो. विचार करायला लावणारा चित्रपट आहे. पण त्यातला सगळा विचार वकील आणि न्यायाधीश करतात. कालियाने फक्त थरथर कापायचे.

‘दामिनी’ (१९९३) मध्ये एक स्त्री घरातल्या मोलकरणीवर झालेल्या अत्याचाराची साक्ष द्यायला उभी राहते. उलटतपासणीत तिचे शब्द तिच्यावरच उलटविले जातात, तिला वेडी ठरविण्यापर्यंत मजल जाते. शेवटी तिच्या बाजूने एक वकील एवढ्या मोठ्या आवाजात बोलतो की सारे न्यायालय दणाणून जाते. तारखांवर तारखा देण्याच्या पद्धतीवर त्याने काढलेला संताप आजही आपल्या वर्गातली मुले नक्कल करून दाखवितात. चित्रपटगृहात टाळ्या पडाव्यात असाच तो प्रसंग आहे. पण तेथेही खऱ्या साक्षीदाराचा आवाज कमी पडला आणि वकिलाचा आवाज उपयोगी आला, हे आपण टाळ्यांच्या भरात विसरतो.

या तिन्ही चित्रपटांचा न्यायालयावर एक विश्वास आहे : सत्य जर नीट, जोरात आणि योग्य शब्दांत मांडले तर ते ऐकले जाते. हा विश्वास खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. मात्र ज्याच्याजवळ तसे शब्द नाहीत त्याने काय करावे, हा प्रश्न हे चित्रपट स्वतःला विचारत नाहीत.

तुरुंगातला शब्द

न्यायालयातून आरोपी तुरुंगात जातो, म्हणून आता तुरुंगावरच्या एका चित्रपटाकडे वळू. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आपल्या सर्वांच्या घरी पाहिला गेलेला आहे. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाई यांचे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुनी कैद्यांना तुरुंगातून बाहेर काढतो, उजाड माळरानावर नेतो आणि बेड्यांशिवाय त्यांच्याकडून शेती करून घेतो.

या कथेमागे एक खरी हकिगत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनियरच्या पुढाकाराने आटपाडीजवळ कैद्यांची एक खुली वसाहत वसविण्यात आली. तिचे नाव स्वतंत्रपूर. भिंती नाहीत, कुंपण नाही. शेती करून राहायचे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. माडगूळकर स्वतः त्याच मुलखातले. तेव्हा या कथेचे मूळ आपल्या महाराष्ट्राच्या दुष्काळी मातीत आहे.

मला या चित्रपटातली मोठी गोष्ट वाटते ती अशी की, येथे कैद्याच्या शब्दाला किंमत आहे. पळून जाणार नाही असे तो म्हणतो आणि ते खरे मानले जाते. पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत ज्याचे कोणी खरे मानले नाही, त्याचे येथे एकजण खरे मानतो. माणूस सुधारतो तो त्यामुळे.

परंतु आदरपूर्वक एक शंका मांडावीशी वाटते. या सहाजणांना बारा हात आहेत. डोळे मात्र दोनच, आणि ते जेलरचे. ते सहाजण चुकतात, रडतात, परत येतात. काय बरोबर आणि काय चूक हे आदिनाथ सांगतो. ते एखाद्या चांगल्या बापाची मुले असल्यासारखे वागतात. शिवाय हे सहाही कैदी शिक्षा झालेले आहेत. प्रत्यक्षात आपल्या तुरुंगांत बहुसंख्य लोक असे नाहीतच. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे. दर चारांतले तीन! १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतली स्थिती सर्वोच्च न्यायालयापुढे आली. जो गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ काही माणसे निकालाविना आत होती. त्वरित खटला चालणे हा जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. या माणसांवर चित्रपट फार थोडे निघाले. त्यांच्या बाबतीत अजून काहीच घडलेले नसते. ते वाट पाहत असतात, आणि वाट पाहण्याची गोष्ट पडद्यावर रंगविणे अवघड असते.

खेळातले न्यायालय

बोलणे आणि ऐकले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीत सर्वांत स्पष्टपणे दाखविले ते विजय तेंडुलकरांनी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यावरचा चित्रपट सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये केला. दोन्हींत लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली.

एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला गावी येतात आणि वेळ घालविण्यासाठी खोटा खटला चालवितात. आरोपी म्हणून बेणारेला उभे करतात, आरोप भ्रूणहत्येचा. हळूहळू खेळ संपतो आणि तिच्या खऱ्या आयुष्याची चिरफाड सुरू होते. यातली कारवाई बारकाईने पाहिली तर अंगावर काटा येतो. न्यायाधीशच खाली उतरून साक्ष देतो. एकच वकील फिर्यादीचेही काम करतो आणि बचावाचेही. ज्या प्राध्यापक दामल्यांचा या प्रकरणाशी संबंध आहे ते हजरच नाहीत; त्यांना कोणी बोलावीतही नाही. नियम एकही पाळला जात नाही. तरीही सगळ्यांची भाषा मात्र अगदी न्यायालयाची आहे, आणि त्या भाषेच्या आड ही साधी माणसे निर्दय होतात.

शेवटी आरोपीला काही सांगायचे आहे काय, असे विचारले जाते. बेणारे बोलते. प्रेक्षकांना तिचे दीर्घ स्वगत ऐकू येते. पण त्या वेळी रंगमंचावरची बाकी मंडळी गोठलेली असतात. तिचे बोलणे त्यांच्या कानांवर पडलेलेच नाही. प्रकाश पूर्ववत होतो आणि कामकाज पुढे चालू! निकाल लागतो की तिच्या पोटातले मूल नष्ट करावे. मग सगळे पुन्हा सभ्य होतात आणि हा तर खेळ होता, मनावर घेऊ नकोस, असे तिलाच समजावू लागतात.

येथे विचारणा झाली, वेळही दिला गेला. कागदोपत्री पाहिले तर आरोपीला संधी मिळाली. ऐकणारे मात्र कोणी नव्हते.

लहान्याचे मौन

या चित्रपटाचे छायाचित्रण केले होते गोविंद निहलानी यांनी. नऊ वर्षांनी तेच निहलानी दिग्दर्शक म्हणून उभे राहिले आणि तेंडुलकरांच्याच कथा-पटकथेवर त्यांनी ‘आक्रोश’ (१९८०) केला. १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला. लहान्या भिकूच्या भूमिकेत ओम पुरी, त्याची बायको नागी म्हणजे स्मिता पाटील, आणि सरकारने त्याच्यासाठी नेमलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी म्हणजे नसीरुद्दीन शाह.

नागीवर गावातल्या बड्या लोकांनी अत्याचार केला आणि तिला मारले. खुनाचा आळ मात्र लहान्यावर आला. भास्कर प्रामाणिक आहे, तो पुन्हा पुन्हा तुरुंगात जाऊन लहान्याला विचारतो. लहान्या नुसता पाहत राहतो. भास्करला वाटते की याला कायदा कळत नाही, म्हणून हा बोलत नाही. मागच्या रांगेतल्या आपल्या मित्राचेही तेच मत होते. चित्रपट हळूहळू उलट दाखवीत जातो. लहान्याला परिस्थिती भास्करपेक्षा अधिक चांगली कळते. ज्यांनी गुन्हा केला त्यांच्यातच गावातले सत्ताधारी आहेत, पैसेवाले आहेत, कायद्याचे रक्षकही आहेत. संध्याकाळी ते एकत्र बसून पत्ते खेळतात. बाहेर लहान्याची तरुण बहीण आहे, म्हातारा बाप आहे, तान्हे मूल आहे. तोंडातून एक नाव बाहेर पडले तर किंमत कोणाला मोजावी लागेल, हे त्याला पक्के ठाऊक आहे. (बापाचे काम नाना पळशीकरांनीच केले आहे. ‘कानून’मधला कालिया वीस वर्षांनी पुन्हा कोर्टाच्या दारात येऊन बसल्यासारखे वाटते.)

सरकारी वकील दुसाने यांचे पात्र मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले. अमरीश पुरी यांनी ते केले आहे. दुसाने स्वतः आदिवासी समाजातून शिकून वर आलेले आहेत, भास्करचे ते गुरू आहेत. कायदा त्यांना मुखोद्गत आहे. पण घरी त्यांना निनावी फोन येतात, फोनवरून शिव्या व धमक्या ऐकाव्या लागतात, आणि ते निमूटपणे फोन खाली ठेवतात. म्हणजे लहान्या अडाणी म्हणून गप्प आहे आणि दुसाने शिकूनही गप्पच आहेत. घरातले पहिलेच पदवीधर होऊ पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या पात्राकडे दुरून पाहून चालणार नाही. शिक्षणाने भाषा येते. धैर्य त्याबरोबर आपोआप येते असे नाही.

शेवट सर्वांना आठवत असेल. बापाच्या अंत्यसंस्काराला लहान्याला बेड्या घालून आणतात. तेथे बहिणीकडे वळलेल्या नजरा तो पाहतो, कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारून टाकतो. मग तो ओरडतो. सबंध चित्रपटात दाबून ठेवलेला आवाज बाहेर येतो तो असा. त्या ओरडण्यात शब्द नाहीत. न्यायालयाला नोंदविता येईल असे त्यात काहीच नाही.

मौनाचा अर्थ न्यायालय काय लावते, हा प्रश्न केवळ चित्रपटातला नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले होते. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, याचा अर्थ संमती असा लावला गेला. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निर्णयावर हरकत घेतली. देशभर महिलांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि आपली संमती नव्हती असे स्त्री न्यायालयात सांगत असेल, तर ते न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद आली. पोलीस ठाण्यात गप्प राहिलेल्या स्त्रीच्या शब्दाला कायद्याने निदान न्यायालयात तरी वजन दिले. त्या निकालानंतर दोनच वर्षांनी ‘आक्रोश’ पडद्यावर आला. या दोहोंचा प्रत्यक्ष संबंध होता असे मी म्हणत नाही. पण दोन्ही एकाच काळातले आहेत आणि दोन्हींत प्रश्न एकच आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गप्प राहणे हा आरोपीचा हक्कही आहे. घटनेच्या २०व्या अनुच्छेदानुसार कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. दुसरीकडे, पुराव्यात आपल्याविरुद्ध आलेल्या गोष्टींचा खुलासा करण्याची संधी न्यायालयाने आरोपीला दिलीच पाहिजे, असाही नियम आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते ३१३वे कलम होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३५१वे आहे. गरिबाला मोफत वकील मिळावा हे तत्त्व १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ अनुच्छेदात आले. म्हणजे कायद्याने बोलण्याची सोय केली आहे, गप्प राहण्याचीही केली आहे आणि वकीलही दिला आहे. लहान्याला यातले सर्व मिळाले होते. न्यायालयाबाहेर त्याच्या घराचे रक्षण कोण करणार, एवढेच कोणी सांगितले नाही.

नोंद कोण करतो?

आता अलीकडच्या एका चित्रपटाकडे येते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सन्मान मिळाला आणि २०१५ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. लोकशाहीर नारायण कांबळे यांना मुंबईत भर कार्यक्रमातून पोलीस उचलतात. आरोप असा की त्यांचे गाणे ऐकून एका गटारसफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. शाहिरांची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते व लेखक वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

कांबळे हे लहान्याच्या अगदी उलट. ते निर्भय आहेत, त्यांचे आयुष्यच बोलण्यात आणि गाण्यात गेले आहे. पण येथे बोलणे हाच गुन्हा ठरतो. या चित्रपटात कोणी ओरडत नाही. सरकारी वकील बाई इंग्रजीतली जुनी कलमे एका सुरात वाचतात, घरी जाऊन स्वयंपाक करतात. न्यायाधीश वाईट नाहीत. बिनबाह्यांचे कपडे घालून आली म्हणून एका बाईचे प्रकरण ते त्या दिवशी घेत नाहीत, एवढेच! तारीख पडते, पुन्हा तारीख पडते.

मेलेल्या कामगाराच्या पत्नीची साक्ष हा या चित्रपटाचा गाभा आहे असे मला वाटते. आपला नवरा गटारात उतरण्यापूर्वी झुरळ बाहेर येते का ते पाहत असे, म्हणजे आत हवा आहे हे कळे. वास सहन होत नसे म्हणून तो दारू पिऊन उतरे. असे ती सांगते. ती हे अगदी शांतपणे सांगते, जणू कोणाच्याही नवऱ्याचे असेच असते. तिने उत्तर दिले की न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला इंग्रजीतून सांगतात, आणि तेच पुरावा म्हणून राहते.

हा प्रसंग पाहताना मला दुसरेच एक कोर्ट आठवले, म्हणून थोडे घरचे लिहिते. आमच्या शेताच्या बांधाचा दिवाणी दावा चालू आहे. मी अकरावीत असताना दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साक्ष झाली. समोरच्या वकिलांनी विचारले, “अतिक्रमण कोणत्या तारखेला झाले?” दादा म्हणाले, “तारीख कशी सांगू सायेब? दर नांगरटीला वीत-वीत बांध कोरत आलंय त्ये.” कोर्टाने टंकलेखकाला सांगितले, ‘सदर अतिक्रमण कोणत्या तारखेस झाले हे मला सांगता येत नाही.’ पुढचा प्रश्न झाला. नंतर नक्कल मिळाली तेव्हा घरात वाचता येणारी मीच, म्हणून मी ती वाचून दाखविली. दादा म्हणाले, “अगं पोरी, ह्यातलं मी काय बोललोच न्हाई की.” मी पुन्हा वाचले. त्यात खोटे असे एकही वाक्य नव्हते. तारीख त्यांना खरोखरच सांगता आली नव्हती. फक्त बांध कसा कोरला जातो, ते त्यात राहून गेले होते.

कोणाला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. कोर्टाला तारीख लागते, कारण तारखेशिवाय मुदत मोजता येत नाही. पण काही अन्याय असे असतात की त्यांना तारीख नसते. ते वीत-वीत होतात. आणि खालच्या कोर्टात मराठी तरी चालते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले की कामकाज सामान्यतः इंग्रजीतच. आपल्याच दाव्याचा निकाल दुसऱ्याकडून समजून घेणारी किती माणसे असतील!

‘कोर्ट’मध्ये कांबळे जामिनावर सुटतात आणि पुन्हा पकडले जातात, या वेळी अधिक कडक कायद्याखाली. तेवढ्यात उन्हाळ्याची सुट्टी लागते. सगळे निघून जातात, शिपाई एकेक दिवा मालवतो आणि रिकामे कोर्ट अंधारात काही वेळ आपल्यासमोर राहते. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. शाहिरांचे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. निकाल न दाखविणारा न्यायालयावरचा असा चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही.

समारोप

या सर्व चित्रपटांकडे एकत्र पाहिले की एक प्रवास दिसतो. ‘आवारा’त आरोपी बोलतो आणि ऐकले जाते. ‘शांतता’मध्ये बेणारे बोलते, पण ऐकणारे कोणी नसते. ‘आक्रोश’मध्ये बोलणेच परवडत नाही. ‘कोर्ट’मध्ये बोलणे होते, ते ऐकलेही जाते आणि लिहूनही घेतले जाते, तरी लिहिलेले वाचले तर बोलणाऱ्याला ते आपले वाटत नाही. यांतले पहिले चित्रपट कमी दर्जाचे आणि नंतरचे श्रेष्ठ, असे मात्र मी म्हणणार नाही. राजला पिंजऱ्यात बोलताना पाहून ज्यांना रडू आले, त्यांत माझी आजीही होती. आपलेही कोणी असे ऐकून घ्यावे, ही इच्छा त्या रडण्यात होती. ती इच्छा खरीच आहे.

आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यापैकी बरेचजण स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागले आहेत. कोणी पोलिसात जाईल, कोणी कोर्टात लिपिक किंवा लघुलेखक होईल, कोणी पुढे कायदा शिकेल. म्हणजे उद्या जबाब लिहून घेण्याचे काम आपल्याच हातांत येणार आहे. समोर उभा असलेला माणूस आपल्या आई-वडिलांसारखाच बोलत असेल. त्याचे ‘बांध कोरला’ आपण ‘अतिक्रमण’ असे लिहू, कारण तसेच शिकविलेले असेल. त्या वेळी लिहिण्यापूर्वी “पुन्हा सांगा, नीट समजले नाही” एवढे जरी आपण म्हणालो, आणि लिहून झाल्यावर ते त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखविले, तरी या शिक्षणाचे काही चीज झाले असे मला वाटेल.

वाङ्मय मंडळाने यंदा ‘कोर्ट’ दाखवावा आणि त्यानंतर चर्चा ठेवावी, अशी माझी विनंती आहे. मागच्या रांगेतल्या मित्राने त्या चर्चेला जरूर यावे. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. वकील बिचारा काय करणार, हे भास्करलाही शेवटपर्यंत पुरते कळले नव्हते. मला एवढेच सुचविता येते की, ‘हा बोलत का नाही’ असे विचारताना ‘हा बोलला तर त्याचे काय होईल’ हेही बरोबरच विचारावे.